धक्क्यावरचा वजनकाटा

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या वायव्येस रेड लेक नावाचे गाव आहे आणि पक्का महामार्ग तेथेच संपतो. त्यापुढच्या तळ्यांवर मासेमारीसाठी जायचे असेल तर पाण्यावर उतरणाऱ्या विमानाशिवाय सोयीचा मार्ग नाही. गेल्या जून महिन्यात विनिपेगला राहणाऱ्या माझ्या भाच्याबरोबर तेथे जाण्याचा योग आला. धक्क्यावर एका साध्या वजनकाट्यावर आमच्या पिशव्या एकेक करून ठेवल्या जात होत्या. माणशी पंचेचाळीस किलोंची मर्यादा होती आणि काटा त्रेपन्नावर गेला होता. भाच्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मामा, लोणच्याची बरणी ठेवायची की जास्तीचे बूट?" बूट मागे राहिले.

त्या वेळी मला या वजनाचा थोडा रागच आला होता. पण विमान पाहिल्यावर तो मावळला. ते 'बीव्हर' जातीचे, एका इंजिनाचे, चाकांच्या जागी दोन लांबट पोकळ फ्लोट लावलेले विमान होते. या विमानाचे पहिले उड्डाण १६ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी, टोरांटोजवळ झाले आणि त्याचे उत्पादन १९६७ साली थांबले. असे असूनही उत्तरेकडच्या तळ्यांवर ती विमाने आजही रोज सामान वाहतात. त्याचे इंजिन ४५० अश्वशक्तीचे. त्यात चार माणसे, त्यांचे आठवड्याचे धान्य, इंधन आणि मासेमारीचे साहित्य भरले की पाण्यावरून सुटण्यासाठी ते किती लांब धावते, हे आत बसल्यावर कळते. वैमानिकाने पेट्या हाताने उचलून, जड त्या पुढे आणि हलक्या त्या मागे, अशा रचल्या होत्या. जास्तीचे आठ किलो हा त्याच्या दृष्टीने हिशोबाचा प्रश्न होता, हट्टाचा नव्हे.

तळ्यावर उतरल्यावर सामान तिथल्या धक्क्यावर उतरवून दहा मिनिटांत विमान परत गेले. त्याचा आवाज डोंगर नसलेल्या त्या प्रदेशात बराच वेळ ऐकू येत राहिला आणि मग एकदम ऐकू येईनासा झाला. समोर लाकडी झोपडी, गॅसवर चालणारा फ्रीज, लाकडाची शेगडी आणि दोन ॲल्युमिनियमच्या होड्या होत्या. बाकी सगळे तळे.

आम्हा विदर्भातील माणसांना तळे म्हटले की माणसाचा हात आठवतो. भंडारा-गोंदियाकडची मालगुजारी तळी, म्हणजे जुन्या जमीनदारी काळातली तळी, कोहळी समाजाने बांध घालून उभी केली, त्यातल्या माशांवर ढिवरांची पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका चालली आणि नवेगावबांधला उभे राहिले तरी पाळीवरचा बांध दिसतोच. ऑन्टारिओतील तळी माणसाने केलेली नाहीत. हिमनद्यांनी खडक खरवडून टाकले, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी त्या वितळत मागे हटल्या आणि खळग्यांत पाणी साचले. अशी अडीच लाखांच्या आसपास तळी त्या एका प्रांतात आहेत. मध्ये खडक आणि दलदल, त्यामुळे रस्ता करणे कठीण. रस्ता नाही म्हणून माणूस कमी, आणि माणूस कमी म्हणून मासा मोठा, एवढे साधे विमानाने मासेमारीला नेण्याच्या व्यवसायाचे गणित आहे.

मासे प्रामुख्याने दोन. नॉर्दर्न पाइक हा आपल्या मरळीच्या वृत्तीचा, पाणवनस्पतीत दबा धरून बसणारा. त्याचे दात धागा कापतात म्हणून गळाजवळ तारेचा तुकडा लावावा लागतो. मी पहिल्या दिवशी तो लावला नाही आणि दोन गळ गमावले. दुसरा वॉलआय, खाण्यास अप्रतिम. संध्याकाळी भाच्याने एक होडीत घेतला आणि टॉर्चचा झोत पडताच त्याचे डोळे रात्रीच्या रस्त्यावरच्या मांजरासारखे चमकले. डोळ्याच्या मागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे तो अंधुक उजेडात चांगले पाहतो. म्हणूनच दुपारी तास वाया घालवण्यापेक्षा सूर्य कलल्यावर होडी काढणे शहाणपणाचे.

तिथल्या थंड पाण्यात मासा फार सावकाश वाढतो. हातभर लांबीचा वॉलआय दहा वर्षांहून अधिक वयाचा असू शकतो. आम्ही स्वस्त परवाना घेतला होता, त्यात माणशी दोनच वॉलआय ठेवता येतात, आणि मोठ्या परवान्यातही चारच. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून ठेवल्यास मासा फारशी इजा न होता सोडता येतो. अशा रीतीने बहुतेक मासे सोडून, जेवणापुरते लहान ठेवले. नागपूरच्या इतवारी बाजारातून नेलेला सावजी मसाला लावून मी ते किनाऱ्यावरच्या चुलीवर तळले. भाच्याने नुसते मीठ आणि पीठ लावून तळलेला तुकडा पुढे केला आणि मला मान्य करावे लागले की या माशाला मसाल्याची गरज नाही. लोणचे मात्र संपले. माशांची आतडी झोपडीजवळ न टाकता होडीने दूरच्या खडकावर नेऊन टाकायची; नाहीतर अस्वल येते.

परतीच्या दिवशी सकाळी तळ्यावर धुके होते. ही विमाने डोळ्यांनी पाहूनच उडतात, त्यामुळे ढग खाली आले की कोणीही येत नाही, आणि वैमानिकाने आधीच बजावले होते की एका दिवसाचे जेवण नेहमी राखून ठेवावे. आम्ही राखले होते, म्हणजे डाळ, तांदूळ आणि अर्धा किलो चिवडा. दुपारी तीनच्या सुमारास भाचा चिवडा खाता खाता थांबला आणि म्हणाला, "मामा, ऐकू येतंय का?" मला काहीच ऐकू येत नव्हते. पाच मिनिटांनी विमान झाडांच्या वर दिसले. रेड लेकला पोहोचल्यावर मी आधी बूट शोधले. ते त्याच वजनकाट्याखाली ठेवलेले होते.