पाळीची वही आणि पगारी वाटाडे

कर्मचाऱ्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या आमच्यासारख्या संशोधकांचा बहुतेक वेळ भरून आलेल्या प्रश्नावल्यांवर जातो. उत्तर देणारा माणूस कोणत्या प्रश्नापाशी थांबतो, काय खोडतो, कोणती जागा मोकळी सोडतो, हे प्रत्यक्ष पाहायला मिळत नाही. समुदाय-आधारित पर्यटनाच्या एका प्रकल्पात मला ते एका दिवसात पाहायला मिळाले. तिथे काही कुटुंबे आपल्या घरातली एखादी खोली पाहुण्यांना देत, पाहुणे कोणाकडे उतरणार हे पाळीने ठरे आणि कारभार या कुटुंबांचीच समिती पाही. ज्यांच्या घरात जादा खोलीच नव्हती, अशा घरांतल्या काही तरुणांना समितीने वाटाडे म्हणून पगारावर घेतले होते.

माझा विषय होता ‘संघटनात्मक नागरिकत्व वर्तन’. डेनिस ऑर्गन यांनी १९८८ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार, जे वर्तन माणूस स्वेच्छेने करतो, ज्याची मोबदल्याच्या औपचारिक व्यवस्थेत थेट दखल घेतली जात नाही, पण ज्याच्या बेरजेतून संस्थेचे काम सुरळीत चालते, ते हे वर्तन. मोठ्या कंपनीत प्रत्येक पदाचे काम लिहून ठेवलेले असते, त्यामुळे काम कुठे संपते आणि स्वेच्छा कुठे सुरू होते हे निदान कागदावर तरी दाखवता येते. लहान उद्योगात असा कागद बहुधा नसतोच. तरीही प्रश्न सगळीकडे तेच विचारले जातात.

त्या सकाळी पाहुण्यांची सोय करणाऱ्या एका ताईंनी ‘माझ्या कामाचा भाग नसतानाही मी सहकाऱ्यांना मदत करते’ या विधानापुढे ‘पूर्णपणे असहमत’वर खूण केली. मला नवल वाटले, कारण शेजारच्या घरी आजारपण असताना त्यांच्या वाट्याचे पाहुणे याच ताईंनी सांभाळल्याचे मला आदल्याच दिवशी कळले होते. मी तसे बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, “मॅडम, त्यात मदत कसली? तिची अडचण होती, पाहुणे माझ्याकडे आले. उद्या माझ्याकडे अडचण आली की माझे तिच्याकडे जातील. हे आमचं कामच आहे.” त्यांनी कपाटातून पाळीची वही काढली आणि ‘बदल’ असा रकाना दाखवला. पाळी कोणाची होती, पाहुणे कोणाकडे गेले आणि का, हे तिथे ओळीने लिहिलेले होते. राहण्याचे पैसे सोय करणाऱ्या घराला मिळत, पण अडचणीतल्या घराची पाळी गेली असे धरले जात नसे. पुढच्या फेरीत ती त्यांना परत मिळे. ऑर्गन ज्याला स्वेच्छा म्हणतात, त्याचा इथे चोख हिशेब ठेवला जात होता आणि तो हिशेब कोणत्याही व्यवस्थापकाने लादलेला नव्हता. मला ही व्यवस्था मनापासून आवडली आणि आजही आवडते.

दुपारी वाटाड्यांचे फॉर्म आले. त्यांतल्या एकाने त्याच विधानापुढे ‘पूर्णपणे सहमत’वर खूण करून शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘रोज’ असे लिहिले होते. गाड्या खालच्या रस्त्यापर्यंतच येत, आणि तिथून चढणीवरच्या घरांपर्यंत पाहुण्यांचे सामान नेणे हे ते ‘रोज’चे काम होते. ज्या घराची पाळी असेल त्या घरातली माणसे सामान नेत, तेव्हा ते त्यांच्या पाळीचाच भाग ठरे. वाटाड्याने नेले तर ते ना त्याच्या ठरलेल्या कामात बसे, ना वहीतल्या रकान्यात. एलिझाबेथ मॉरिसन यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले होते की नेमून दिलेले काम आणि त्यापलीकडचे काम यांची सीमा प्रत्येक कर्मचारी आपापल्या परीने आखतो. इथे मात्र ती सीमा व्यक्तीच्या मनापेक्षा सभासदत्वावरून आखली गेली होती. सामायिक साधनसंपत्ती टिकवणाऱ्या समुदायांच्या अभ्यासातून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये जी आठ तत्त्वे मांडली, त्यांतले पहिले तत्त्व आत कोण आणि बाहेर कोण हे स्पष्ट असण्याचे आहे. त्या स्पष्टतेमुळेच पाळीची वही विश्वासाने चालत होती, आणि त्याच स्पष्टतेने वाटाड्यांचे कष्ट वहीबाहेर ठेवले होते. समुदाय-आधारित पर्यटनावर लिहिताना आपण ‘समुदाय’ हा एकसंध गट धरून चालतो, ते मला त्या दिवसापासून पटेनासे झाले.

त्या फॉर्मवर वय आणि कामाचे स्वरूप या दोन्ही जागा कोऱ्या होत्या. राहून गेल्या का, असे विचारल्यावर तो तरुण म्हणाला, “मॅडम, नाव नाही लिहायचं म्हणता, पण वय आणि काम लिहिलं की समितीत कुणालाही कळेल हा मीच.” त्याचे म्हणणे अगदी खरे होते. हजारो कर्मचाऱ्यांच्या संस्थेत वय, लिंग आणि पद विचारले तरी माणूस गर्दीत लपतो. मोजक्या माणसांच्या उद्योगात हेच तीन तपशील नावाचे काम करतात. ‘मी माझ्या अडचणी वरिष्ठांपुढे मोकळेपणाने मांडतो’ या विधानापुढे त्याने बरोबर मधल्या पर्यायावर खूण केली होती. मधल्या पर्यायाला आपण तटस्थता समजतो. इथे तो सावधपणा होता.

संध्याकाळी समितीच्या सचिवांनी फॉर्म पाहायला मिळतील का, असे अगदी सहज विचारले. त्यांच्या मनात काही वाकडे होते असे मला वाटत नाही. कारभार आपलाच असल्याने कागदही आपलेच, असा त्यांचा साधा समज होता. तरी मी नकार दिला. वाटाड्यांची सरासरी वेगळी काढून देण्यासही नकार दिला, कारण एवढ्या थोड्या माणसांच्या सरासरीमागून एकेकाचे उत्तर ओळखता येते. सचिव थोडे नाराज झाले.

समितीला दिलेल्या अहवालात मी वाटाड्यांचा उल्लेख कुठेच केला नाही. पाळीच्या वहीत ‘बदल’च्या शेजारी ‘जादा काम’ असा रकाना असावा आणि काम करणारा सभासद असो वा नसो, त्याची नोंद व्हावी, एवढीच शिफारस केली. प्रश्नावलीतून वयाची जागा काढून टाकली. आता प्रत्येक कृतीबद्दल दोन प्रश्न विचारते: हे तुम्ही करता का, आणि हे कोणाचे काम आहे असे तुम्हाला वाटते. दुसऱ्या प्रश्नाला खुणेचे पर्याय दिलेले नाहीत. तिथे दोन ओळी मोकळ्या सोडल्या आहेत.