आमची वाटचाल : कडक भाकरी, बँकेची फाईल आणि बचत गटांचं बीज भांडवल

आमचं युनिट मंगळवेढा तालुक्यात आहे, गाव लहान, आणि आम्ही बनवतो ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, लाह्या आणि ज्वारीचा रवा. सोलापूरकडच्या माणसाला कडक भाकरी काय सांगायची, पण बाहेरचे लोक पण वाचतायत म्हणून सांगते, ही भाकरी एकदम पातळ थापायची, तव्यावर भाजून झाली की मंद आचेवर पूर्ण पाणी जाईपर्यंत कडक करायची, मग ती महिना-दोन महिने आरामात टिकते. दुधात मोडून खा, आमटीत चुरून खा, नाहीतर नुसती चटणी आणि तेलाबरोबर. ज्वारी आमची मालदांडी, मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि ती काळ्या रानात परतीच्या पावसावर आणि थंडीच्या दवावर येते, पाणी कमी असलं तरी येते, म्हणून आमच्या भागात बाकी काही नाही आलं तरी ज्वारी असतेच.

सुरुवात घरातनंच झाली. सासूबाईंच्या हाताची भाकरी, पुण्या-मुंबईला असलेले पाहुणे जत्रेला आले की जाताना पिशव्या भरून न्यायचे, मग त्यांच्या सोसायटीतले मागायला लागले, मग व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी, आणि बघता बघता शेजारच्या दोघी-तिघी आमच्या अंगणात थापायला यायला लागल्या. 2018-19 पर्यंत असंच चाललं होतं. फूड लायसनची साधी नोंदणी होती, वर्षाला 100 रुपये फी, बाकी सगळं वहीत.

अडचण कुठं आली तर पिठात. गावातल्या गिरणीत आधी कुणाचे तरी गहू दळलेले असायचे, त्यावरच आमची ज्वारी पडायची. घरच्या खाण्याला काय फरक पडत नाही पण आमच्याकडं पुण्याच्या एक ताई होत्या, त्यांच्या मुलाला गहू अजिबात चालत नव्हता, डॉक्टरांनी सक्त बंद सांगितलेला. त्या प्रत्येक ऑर्डरला विचारायच्या, चक्की वेगळी आहे ना. त्यांना शब्द द्यायचा तर स्वतःची चक्की पाहिजे. शिवाय ज्वारीत खडे, माती, बोंडाचा भुसा, निवडायलाच अर्धा दिवस जायचा. आणि पीठ ताजं पाहिजे, आठ दिवसांचं झालं की थापताना भाकरीला कडेनं चिरा पडायला लागतात, उलटायला गेलं की हातात तुकडे. म्हणजे ग्रेडिंग मशीन, चक्की, चटणीसाठी कांडप, ड्रायर, पॅकिंगचं सीलर आणि या सगळ्याला शेड, हा खर्च घरातनं होणारा नव्हता.

तेव्हा आम्ही सरकारी योजना बघायला लागलो. पहिल्यांदा सगळ्यांनी पीएमईजीपी सांगितलं, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, ते चांगलंच आहे, ग्रामीण भागातल्या महिलेला 35 टक्के सबसिडी मिळते, स्वतःचे फक्त 5 टक्के घालायचे, पण ते नवीन उद्योगाला आहे आणि आमचं तर आधीपासून चालू होतं. मग तालुका कृषी कार्यालयातून कळलं की पीएमएफएमई म्हणून योजना आली आहे, प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग, 2020 ला सुरू झालेली, पाच वर्षांसाठी 10,000 कोटींची, त्यात केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के. ही चालू असलेल्या छोट्या उद्योगांना वाढवायलाच काढलेली. प्रत्येक जिल्ह्याला एक पदार्थ ठरवलेला, आणि सोलापूर जिल्ह्याला ज्वारी! आम्हाला एवढा आनंद झाला म्हणून सांगू, जे आमच्या हातात होतं तेच जिल्ह्याचं म्हणून आलं.

आता पैशाचं नीट सांगते कारण बरेच जण फोन करून हेच विचारतात. प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के सबसिडी, जास्तीत जास्त 10 लाख. आपले कमीत कमी 10 टक्के. बाकी बँकेचं लोन. जागा विकत घ्यायचे पैसे यात धरत नाहीत. एका कुटुंबातनं एकालाच. आमचा प्रोजेक्ट 11 लाखांचा झाला, त्यात आमचे 1 लाख 10 हजार, लोन 9 लाख 90 हजार, आणि सबसिडी 3 लाख 85 हजार. पण ही सबसिडी हातात येत नाही हो, लोकांचा इथंच गैरसमज होतो. ती बँकेतच वेगळ्या खात्यात पडून राहते, लोनचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून 3 वर्षं युनिट चालू पाहिजे आणि खातं थकीत नको, तेव्हा ती लोनमध्ये वळती होते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, महिन्याचा हिशोब मांडताना सबसिडी आहे हे विसरूनच जा, पूर्ण लोनचा हप्ता धंद्यातनं निघतोय का तेवढं बघा, निघत नसेल तर मशीन लहान घ्या.

अर्ज ऑनलाइन आहे, पण तो भरायला जिल्ह्यात डीआरपी नेमलेले असतात, जिल्हा संसाधन व्यक्ती, त्यांचं मानधन सरकार देतं, आपण एक रुपया द्यायचा नसतो. आमचे डीआरपी एकदम भला माणूस, मोटरसायकलवर घरी येऊन त्यांनी चूल, वही, पोती सगळं बघितलं आणि मग डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल लिहायला बसले. आधार, पॅन, उद्यम नोंदणी, जागेचा 8अ उतारा, लाइट बिल, बँकेचं स्टेटमेंट, मशीनची कोटेशनं. कोटेशनं मी स्वतः फिरून आणली आणि चक्की चालू करून आमचीच ज्वारी त्यात दळून बघितली, कारण कॅटलॉगमध्ये सगळ्याच चक्क्या चांगल्या असतात, भाकरीला लागतं तसं मऊ पीठ न तापवता कोणती काढते ते हात घातल्याशिवाय कळत नाही. एक एजंट पण घरी येऊन गेला, मंजुरीच्या रकमेतले अमुक टक्के द्या, सगळं करून देतो म्हणाला. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

जिल्हा समितीतनं फाईल लवकर पुढं गेली. बँकेत मात्र अडकली. पहिल्या शाखेत कधी साहेब रजेवर, कधी टार्गेट संपलं, कधी तारण काय देता. 10 लाखांपर्यंतच्या लघुउद्योगाच्या कर्जाला तारण मागायचं नाही हा तेव्हा रिझर्व्ह बँकेचा नियम होता, हे डीआरपींनी सांगितलेलं मला पाठ होतं, ते मी शांतपणे बोलले तर म्हणाले बघू. बघू बघू करत सुगी निघून गेली. शेवटी फाईल दुसऱ्या बँकेकडं वळवून घेतली, तिथल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला की वर्षभर ऑर्डरी कोण देतं. मी ऑर्डरींची वही आणि दोन वर्षांचं खात्याचं स्टेटमेंट समोर ठेवलं, त्यांनी एकेक पान उलटून बघितलं, गणपतीला किती, दिवाळीला किती, उन्हाळ्यात का कमी. त्या वहीनं आम्हाला लोन मिळवून दिलं असं मला मनापासून वाटतं. नवीन लोकांना माझं हेच सांगणं असतं, फोन पे वर येणारा प्रत्येक रुपया धंद्याच्या खात्यात येऊ दे, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्यात नको.

2022 ला मशीन बसली. चक्कीवर गहू येत नाही म्हणजे येतच नाही, घरचे सुद्धा आमचे गहू गावातल्या गिरणीत नेतात. पुण्याच्या ताईंना फोटो पाठवला.

पण मला खरं लिहायचंय ते पुढचं आहे, कारण या योजनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट माझ्या मशीनची सबसिडी नाही, बचत गटांचं बीज भांडवल आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अन्न प्रक्रियेत काम करणाऱ्या गटातल्या प्रत्येक महिलेमागं 40,000 रुपयांपर्यंत, खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी. हे पैसे प्रभागसंघाकडं, म्हणजे ग्रामसंघांच्या वरच्या संघाकडं येतात, तिथनं ग्रामसंघातून, म्हणजे गावातल्या गटांच्या संघातून गटाला, आणि गट ते महिलेला कर्ज म्हणून देतो, तिनं फेडले की ते गटातच राहतात, दुसरीला फिरतात. गट पंचसूत्रीवर पाहिजे, आठवड्याची बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. आमच्या आसपासच्या चार गटांचं हे सगळं चोख होतं, गटांना मदत करणाऱ्या सीआरपी ताईंनी एकेकीचा अर्ज जागेवर बसून भरून घेतला, गटाचा ठराव, आधार, कोण काय करते, काय घेणार. यादीत काय होतं सांगू, बिडाचा तवा, गॅसची मोठी शेगडी, काटवट, पत्र्याची कोठी आणि ज्वारी.

ज्वारी हीच मोठी गोष्ट होती. आमच्याकडं ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चला, तेव्हा भाव पडलेला असतो, पावसाळ्यापर्यंत कधी कधी क्विंटलमागं हजार रुपयांचा फरक पडतो. ज्याच्याकडं सुगीत पैसा तो माल भरून ठेवतो आणि ज्याच्याकडं नाही तो श्रावणात चढ्या भावानं घेतो. पूर्वी पीठ आम्ही द्यायचो, बायका थापायच्या, भाकरीमागं मजुरी. भाव वाढला काय उतरला काय, त्यांची मजुरी तेवढीच. बीज भांडवल आल्यावर त्यांनी सुगीत स्वतः ज्वारी घेतली, कोठीत कडुलिंबाचा पाला घालून भरली, आमच्या चक्कीवर दळणाचे पैसे देऊन दळतात आणि तयार भाकरी आम्हाला विकतात, वजन आणि जाडी बघून दर ठरलेला. म्हणजे त्या आता आमच्या मजूर नाहीत, आम्हाला माल देणाऱ्या आहेत, आणि दर ठरवायच्या बैठकीत त्या माझ्याशी घासाघीस करतात, दोन वर्षांत दोनदा त्यांनी दर वाढवून घेतला. मला ते परवडतं कारण माझं भांडवल ज्वारीत अडकून पडत नाही, ते मी पॅकिंग आणि वाहतुकीत घालते. हे गणित कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नाही पण आमच्याकडं असं जमलं.

आमच्या दक्षिणेकडच्या गावांतनं दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीला माणसं जातात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतले की जोडीनं जावंच लागतं, नवरा-बायको मिळून एक कोयता, लहान पोरं बरोबर, शाळा बुडते, आणि परत यायला उन्हाळा उजाडतो. आमच्या एका गटातली बाई, नाव लिहीत नाही, लग्न झाल्यापासून दर साल जात होती. गेल्या दोन हंगामात गेली नाही. नवरा एकटा ड्रायव्हर म्हणून जातो, ही घरी राहून दिवसाला शंभर-सव्वाशे भाकरी थापते, आणि तिची थोरली मुलगी यंदा दहावीला आहे, त्याच शाळेत, पहिल्या दिवसापासून. मागं एकदा ती मला म्हणाली, वहिनी, फेडायचं तर हितं पण हायच की, पण हितं मी माझ्या दारात बसून फेडते. सगळ्यांचं असं झालं नाही, ज्यांच्यावर जुनी उचल फार होती त्या अजून जातात, 40,000 मध्ये ते फिटत नाही आणि हे पैसे त्यासाठी वापरता पण येत नाहीत. त्यांच्यासाठी काहीतरी वेगळं व्हायला पाहिजे असं मला फार तळमळून वाटतं.

डीपीआरमध्ये एक रकाना असतो, रोजगार किती निर्माण होणार. तिथं युनिटवरची पगारी माणसं लिहितात. आमच्याकडं सध्या 7 जणी पगारावर आहेत, ग्रेडिंग, चक्की, चटणी, पॅकिंग आणि एक मुलगी हिशोबाला. पण घरात थापणाऱ्या तीसेक बायका त्या रकान्यात कुठंच बसत नाहीत. अधिकारी पाहणीला आले की मी त्यांना युनिट दाखवून झालं की वस्तीवर नेते, दोन घरं दाखवते, चूल पेटलेली असते, भाकरी उभ्या करून ठेवलेल्या असतात, मग त्यांना कळतं. आलेल्या एका साहेबांनी अहवालात ते वेगळं लिहून घेतलं, त्यांचे मी खरंच आभार मानते.

विक्रीचं म्हणाल तर सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गटांच्या स्टॉलवर आमचा माल असतो, पुण्यातली काही दुकानं कायमची आहेत. 2023 ला भरडधान्य वर्ष होतं तेव्हा शहरातनं मागणी एकदम वाढली, नंतर थोडी उतरली पण पहिल्यापेक्षा जास्तच आहे. कुरिअरमध्ये भाकरी मोडते हा त्रास अजून आहे, पुठ्ठ्याचा गोल डबा करून बघितला, खर्च वाढतो, त्यावर काम चालू आहे. कुणाला स्वस्तातला चांगला डबा माहीत असेल तर जरूर कळवा.

आता पुढचं काम गोदामाचं. सुगीत ज्वारी घ्यायची तर सगळ्यांच्या घरात कोठीला जागा नाही, पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात सोंडे लागतात, मागच्या वर्षी दोघींची पोती खराब झाली. कृषी पायाभूत सुविधा निधी म्हणून योजना आहे, त्यात 2 कोटींपर्यंतच्या कर्जाला 7 वर्षं 3 टक्के व्याज सवलत मिळते, आणि बचत गट, त्यांचे संघ पण अर्ज करू शकतात. तर या वेळी अर्ज बायकांच्या संघाच्या नावानं करायचा ठरलंय, मी फक्त कागद लावायला मदत करते. ग्रामपंचायतीकडं जागेसाठी अर्ज दिलाय, ग्रामसभेत विषय घ्यायला सरपंच तयार आहेत, मशीनच्या वेळची माझी कोटेशनची फाईल मी बायकांच्या संघाच्या अध्यक्ष ताईंकडं दिली आणि त्यांनी ती घरी नेऊन दुसऱ्या दिवशी मला विचारलं, एवढ्या लहान गोदामानं भागतंय का, शेजारच्या गावातले गट पण येणार म्हणतायत. तर आता मोठ्या गोदामाचं इस्टिमेट काढायला दिलंय.