कोंबड्यांची सर्दी, माझी सर्दी आणि दोन डॉक्टर : माझा अनुभव

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात निम्मं सोलापूर शिंकत असतं, पहाटे थंडी, दुपारी ऊन आणि धूळ तर विचारूच नका, त्यामुळे जानेवारीत माझं नाक बंद झालं तर कुणाला काही वाटलं नाही. पण त्याच आठवड्यात मागच्या अंगणातल्या कोंबड्या पण शिंकायला लागल्या आणि घरात वाद सुरू, ह्यांनी तुला दिली का तू ह्यांना दिलीस. शेजारचे काका म्हणाले बर्ड फ्लू असणार, सगळ्या पुरून टाका. काकांचं असंच असतं.

आम्ही कुंभारीकडं राहतो, पंधरा-वीस गावरान आहेत. मेहुण्यानं हौसेनं आठवडी बाजारातनं दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणून सोडल्या होत्या, दिसायला एकदम तजेलदार. त्यानंतर दोन-तीन दिवसातच जुन्या कोंबड्यांची तोंडं सुजायला लागली. बायको म्हणाली, अहो खुराड्यात काहीतरी सडलंय, वास बघा किती येतोय. आता मला कुठला वास, माझं नाक तर सिमेंट भरल्यासारखं. खाली बसून एक कोंबडी हातात धरली तर डोळ्याखाली टुम्म फुगलेली, एक डोळा फेसानं चिकटून बंद, नाकावर चिकट शेंबूड आणि त्याला दाणे भरड्याची पावडर चिकटलेली. अंडी निम्म्यावर आली.

जनावरांच्या दवाखान्यात एकीला पिशवीत घालून नेलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, पटापट मेल्यात का, तुरा निळा-काळा पडलाय का, मान वाकडी करतायत का. म्हटलं नाही, मेली एकपण नाही. मग म्हणाले हा कोरायझा दिसतोय, म्हणजे कोंबड्यांची सर्दी. बर्ड फ्लू आणि मानमोडीचा आजार विषाणूचा, हा जंतूचा म्हणजे बॅक्टेरियाचा, नाकातनं आणि प्यायच्या पाण्यातनं पसरतो, एक ते तीन दिवसात लागण दिसते आणि तो घाण वास ही त्याची खूणच आहे. सीआरडी, म्हणजे कोंबड्यांचा श्वासाचा जुनाट आजार, तो पण सर्दीसारखाच दिसतो पण तो हळू चालतो, छातीत घरघर जास्त. दोन्ही एकत्र आले तर महिनोन्‌महिने सुटका नाही. आणि माणसाला कोरायझा होत नाही, माणसाची सर्दी कोंबडीला लागत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं, मी घरी येऊन चारदा.

पाण्यातनं सल्फाचं औषध दिलं. पण आजारी कोंबडी पाण्याकडं जातच नाही, तिला धरून चोच बुडवावी लागते, तेव्हा सकाळी माझा हाच कार्यक्रम. बाकी सगळं पाणी बंद, दुपारी औषधाचं पाणी बदलायचं, आजारी वेगळ्या, भांडी रोज घासून उन्हात. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यात हे भांडी घासणं म्हणजे काय ते सोलापूरकरांनाच कळेल. औषध चालू असताना आणि संपल्यावरही डॉक्टर सांगतील तेवढे दिवस अंडी खायची नाहीत, ओळखीतल्यांना नाही म्हणताना जीव नकोसा झाला.

माझं वेगळंच प्रकरण. आईनं ओव्याची पुरचुंडी, वाफ, हळदीचं दूध सगळं केलं, बरं वाटायचं तेवढ्यापुरतं. मेडिकलवाला लगेच अँटिबायोटिक काढून देत होता, ते घेतलं नाही कारण साध्या सर्दीला विषाणू असतो, त्याला ती गोळी काय करणार. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी आत बघून सांगितलं की सर्दी कधीच गेली, ही ॲलर्जीची सूज आहे, भरड्याची धूळ, तूस, पिसांचा कोंडा, खुराड्यातला अमोनिया. नाक मोकळं करणारे थेंब जास्त दिवस टाकू नका, तीन-चार दिवसांपलीकडं गेलं की सोडल्यावर नाक उलट जास्त बंद होतं. स्टेरॉइडचा स्प्रे दिला, मान थोडी खाली, डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, नळी मधल्या पडद्याकडं नाही तर बाहेरच्या बाजूला. त्यानं लगेच काही होत नाही, रोज मारला तर आठवड्या-दोन आठवड्यात फरक कळतो. मिठाच्या पाण्यानं नाक धुतो, पाणी उकळून गार केलेलंच.

आता कोंबड्यांचा अवघड भाग. सूज उतरली, अंडी वाढली, आम्ही खूश, आणि औषध थांबल्यावर दोघी-तिघी परत शिंकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले बऱ्या झालेल्या कोंबड्या पण जंतू बाळगून राहतात, नवीन पिल्लं आणली की त्यांना देणार. कोरायझाची लस असते, पण ती अंड्यावर यायच्या आधी टोचायची. म्हणजे हा कळप पूर्ण काढून, खुराडं धुऊन, काही आठवडे रिकामं ठेवून मगच नवीन भरायचं. जंतू बाहेर फार दिवस टिकत नाही, त्याचं घर कोंबडीच. विकायच्या नाहीत हे मी ठरवलं, माझी ब्याद दुसऱ्याच्या खुराड्यात कशाला. औषधाचे दिवस संपल्यावर एकेक करून घरीच रस्सा. आई अजून त्या पांढऱ्या कोंबडीला हात लावू देत नाही, ती तेवढी वेगळी ठेवलीय गच्चीवर.

नवीन पिल्लं उन्हाळ्यानंतर, ती पण लस टोचलेली बघून. मेहुण्याला सांगून ठेवलंय, येताना शेंगाचटणी आण, कोंबडी नको. तो रुसलाय थोडा. खुराडं झाडायला मी आता मास्क लावून जातो.