ओब्रा डिनचं पुस्तक भरलं, आणि यादीची फेरमांडणी

भरलं! साठच्या साठ माणसं, प्रत्येकाचं नाव आणि प्रत्येकाचं पुढे काय झालं तेही. मागच्या नोंदीत 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (एका जहाजावरच्या साठ जणांची ओळख आणि नशीब शोधायचा तर्काचा गेम) बासनात गुंडाळून ठेवायची भाषा करत होते, म्हणून ही नोंद ठरल्या वेळेआधीच लिहायला घेतली आहे. कॉलेजच्या जर्नलची शेवटची पानं अजून बाकी आहेत, पण हे ताजं असतानाच लिहायला हवं. यातून हाती लागलेली गोष्ट फक्त या एका गेमपुरती नाही.

मागचं वाचलं असेल त्यांना आठवत असेल, मी कुठल्या कोड्यापाशी अडले नव्हते. अर्ध्याच्या थोडं पुढे छान लयीत चालले होते आणि मध्ये इंटर्नल्स आल्या, मग सबमिशन. त्यातून मोकळी होऊन परत जहाजावर चढले तर चेहरे ओळखीचे वाटत होते, पण त्यांच्यामागचा विचार पार पुसला गेला होता. कुणावर माझा संशय होता, तो कशावरून आला होता, कोणते दोघं मला जोडीचे वाटत होते, काहीही आठवेना. हा माझा जुना परतीचा प्रश्न. दर सत्रात तो एकदोन चांगले गेम्स गिळतो, आणि या वेळी तर माझ्या सगळ्यात आवडत्या निर्मात्याचा गेम गिळायला निघाला होता.

लुकास पोपने 'पेपर्स, प्लीज' २०१३ साली काढला आणि ओब्रा डिन २०१८ मध्ये. दोन्हींत कागदपत्रं आणि शहानिशा आहे, पण विद्यार्थ्याच्या वेळापत्रकात ते अगदी वेगळे वागतात. 'पेपर्स, प्लीज'मध्ये एक दिवस म्हणजे एक पाळी. शिक्के मारायचे, दिवस संपवायचा, उठायचं. दोन आठवड्यांनी परत आलं तरी त्या दिवसाचे नियम समोर लिहिलेले असतात. ओब्रा डिनमध्ये १८०७ साल, फॅल्मथला परतलेलं रिकामं जहाज, हातात माणसाच्या मृत्यूचा क्षण दाखवणारं घड्याळ, आणि एक पुस्तक. पाहिलेला प्रत्येक प्रसंग पुस्तक नोंदवतं, कोण कुठल्या प्रसंगात होतं तेही सांगतं. चेहरा धूसर असेल तर अजून पुरेसे धागे हाती आलेले नाहीत, स्पष्ट झाला तर ओळख पटवणं आता शक्य आहे, इतकी मदतसुद्धा करतं. पण खेळणाऱ्याच्या डोक्यात चाललेला तर्क त्यात उतरत नाही. उतरूही नये, कारण तो तर्क हाच तर गेम आहे. शिवाय तीन नशिबं बरोबर जुळल्याशिवाय काहीच पक्कं होत नाही. त्यामुळे एक पक्का, एक बहुतेक आणि एक नुसता अंदाज असं सतत तोलून धरावं लागतं. खंड पडला की हा तोलच सगळ्यात आधी जातो.

आधी पहिल्यापासून सुरू करून पाहिलं. ते अजिबात करू नका. प्रसंग पहिल्यांदा पाहताना जो धक्का बसतो तो दुसऱ्यांदा बसत नाही, आणि आपण लक्ष न देता पुढे पुढे ढकलत राहतो. तर्काचे गेम एकदाच खेळता येतात, हे आता माझं ठाम मत झालं आहे.

मग वही केली. प्रसंगवार, नीट समास आखून. कोण दिसलं, काय बोललं, कुठल्या मजल्यावर. ही वही दिसायला सुरेख झाली आणि तिचा उपयोग शून्य झाला. गेममधलं पुस्तक हेच काम कितीतरी चांगलं करतं. वरून दिवसभर लेक्चरच्या नोट्स काढून आल्यावर रात्री पुन्हा तेच करायचं म्हणजे खेळायची इच्छाच मरते.

कुणीतरी केलेला 'आतापर्यंतची गोष्ट' छापाचा व्हिडिओ बघून सूत पकडायचा सल्ला बऱ्याच जणांकडून आला होता. मी नाही बघितला, आणि कुणी बघू नये असं मला मनापासून वाटतं. या गेममध्ये एका व्हिडिओच्या नुसत्या मथळ्यातूनही एखादं नाव फुटू शकतं, आणि एक नाव फुटलं की त्याच्या आधाराने शोधायची आणखी दोन फुकट जातात.

सुटका झाली ती चक्क प्रोजेक्टच्या लॉगबुकातून. आमच्या गाइडचा आग्रह असतो की दिवसाच्या नोंदीत शेवटी 'पुढची पायरी' लिहायचीच. काय झालं ते दोन ओळींत आटपलं तरी चालेल, पण उद्या कुठून सुरू करायचं आणि ते का, हे लिहिल्याशिवाय सही मिळत नाही. एका संध्याकाळी ते भरता भरता वाटलं, अरे, जहाजावरून उतरताना मी हेच लिहीत नाहीये! काय पाहिलं ते लिहितेय, काय शोधत होते ते नाही.

तेव्हापासून एकच पान ठेवलं, शंकांचं. त्यात माहिती लिहायची नाही, फक्त प्रश्न आणि त्याचं कारण. कुणाचा रस जाणार नाही अशा बेताने नमुने देते. "हे दोघं चार प्रसंगांत शेजारीशेजारी. एकाच कामाचे असावेत?" "याचा आवाज ऐकलाय, चेहरा नाही. बोलण्याची ढब लक्षात ठेवून बाकीचे संवाद परत ऐक." "यादीत या देशाची माणसं थोडीच आहेत, आधी तीच वेगळी काढ." "याच्याबद्दल मला खात्री का वाटतेय? पुरावा काहीच नाही." ही शेवटची ओळ सगळ्यात कामाची निघाली. खात्री वाटणं आणि पुरावा असणं यांची गल्लत खंड पडल्यावर हमखास होते, कारण आठवण राहते ती खात्रीची.

फरक लगेच जाणवला. आधी गेम सुरू केल्यावर निम्मा वेळ जहाजावर नुसतं भटकण्यात जायचा. आता पान उघडायचं, एक शंका उचलायची, तेवढ्याचाच पाठपुरावा करायचा. दोन लेक्चर्सच्या मधल्या मोकळ्या तासात एक शंका आरामात मिटते. मिटली नाही तर तिच्याखाली आणखी एक ओळ पडते आणि गेम बंद. याच पद्धतीने खलाशांचा तो शेवटचा घोळका सुटला, ज्यात मी परत आल्यापासून रुतले होते. खूण समोरच होती, अगदी सुरुवातीपासून पाहिलेल्या प्रसंगात. कुठली ते सांगत नाही, ज्यांनी खेळलाय त्यांना कळलं असेल. संगीत वाजलं, माझ्या हस्ताक्षरासारखी दिसणारी तीन नावं छापील झाली, आणि मी खुर्चीवरून उठून खोलीत एक फेरी मारून आले. मग लगेच आणखी तीन. त्या रात्री झोप कमी झाली, पण दुसऱ्या दिवशी पहिलं लेक्चर नव्हतं.

आता खेळायच्या गेम्सच्या यादीकडे. आतापर्यंत मी यादी एकूण तासांवर लावत होते. हाउलाँगटूबीट ही गेम संपवायला किती तास लागतात ते सांगणारी साइट उघडायची, आठ तास की तीस तास बघायचं, छोटे गेम्स सत्रात आणि मोठे सुट्टीत. ती साइट मी वापरत राहीनच, पण यादी लावायला हा आकडा कुचकामी आहे. ओब्रा डिन आठ-नऊ तासांचाच म्हणून मी तो सत्राच्या मधोमध घेतला होता. बघायला हवा तो सगळ्यात लहान तुकडा, जिथे मन न दुखवता उठता येतं. आणि त्याहून महत्त्वाचं, उठताना डोक्यात काय वागवावं लागतं.

'स्टार्ड्यू व्हॅली'चा एक दिवस म्हणजे खरी चौदाएक मिनिटं, पण कॉम्प्युटरवर झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. म्हणजे चौदा मिनिटं सलग हाताशी हवीत. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'ची फेरी बहुतेक ठिकाणी तीस मिनिटांची. 'इनटू द ब्रीच'मध्ये आठ बाय आठचा पट आहे आणि शत्रू पुढच्या खेपेला काय करणार ते पटावरच दिसतं. तो गेम अर्ध्या लढाईत सोडून महिन्याने उघडला तरी सगळी माहिती जागच्या जागी असते. 'बाबा इज यू' तर यातला आदर्श आहे. नियमच शब्दांचे ठोकळे होऊन पडद्यावर पडलेले असतात, लक्षात ठेवायचं काही उरतच नाही. कोडं आठवडाभर सुटलं नाही तरी काही बिघडत नाही, बसमध्ये उभ्या उभ्या विचार करता येतो.

हातांचा गेम असेल तर गोष्ट आणखी वेगळी. 'सेलेस्ट' परीक्षेनंतर उघडला तेव्हा साधी भिंतही चढता येईना. पण एक जुना चॅप्टर परत खेळला आणि पंधरा-वीस मिनिटांत बोटं ताळ्यावर आली. 'हॉलो नाइट'लाही तसंच झालं, फक्त तिथे हातांबरोबर नकाशाही आठवावा लागतो. हात लवकर परततात, तर्क परतत नाही. म्हणून यादीत तर्काच्या गेम्सना आता शंकांचं पान सक्तीचं, आणि हातांच्या गेम्सना उजळणीसाठी आधीचा एक चॅप्टर.

ता. क. मध्येच घुसवते आहे, कारण हे लिहिताना बेत बदलला. 'आउटर वाइल्ड्स' हा यानातून ग्रह धुंडाळायचा गेम मी सत्र संपेपर्यंत लांबवला होता. इतका मोठा, इतका गाजलेला गेम, म्हटलं निवांत खेळू. पण त्यातली फेरी बावीस मिनिटांची आहे! आणि यानावरचा शिप लॉग म्हणजे जवळजवळ माझं शंकांचंच पान: कुठला धागा कुठून आला, कशाशी जोडलेला आहे, आणि एखाद्या जागी अजून पाहायचं राहिलं असेल तर तसं स्पष्ट लिहून येतं. परतीच्या प्रश्नावर गेमनेच आतून उत्तर दिलंय, आणि मी मात्र तो तासांचा आकडा बघून मागे ढकलत होते. हा गेम अ‍ॅलेक्स बीचमच्या मास्टर्सच्या थीसिसमधून सुरू झाला, २०१५ मध्ये आयजीएफचा (इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा) मुख्य पुरस्कार त्याला मिळाला आणि पूर्ण रूपात तो २०१९ ला आला. विद्यार्थ्याच्या हातून निघालेली गोष्ट विद्यार्थ्याच्या दिनक्रमात बसते, याचा मला फार आनंद झालाय.

एकच धास्ती आहे, लॅपटॉपची. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, आणि हा गेम थ्रीडी. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मागता येतात, म्हणून पहिल्या बैठकीत गोष्टीत रमायचं नाही. थेट यान उडवायचं, दोनतीन ग्रहांवर उतरायचं, फ्रेमरेट बघायचा आणि निर्णय घ्यायचा. जीओजी या दुसऱ्या दुकानाचे ऑफलाइन इन्स्टॉलर मला एरवी जास्त आवडतात, एकदा उतरवून ठेवले की नेटची वाट बघायला नको. पण यंत्र तपासायला स्टीमचा हा नियम सोयीचा आहे.

बाकी चाखणं थोडक्यात. 'अ‍ॅनिमल वेल' आला, साधारण तेहेतीस एमबीचा गेम, चहा होईपर्यंत उतरलासुद्धा. बिली बासोने एकट्याने, स्वतःच्या इंजिनवर बांधलेला. नकाशावर पेन्सिलने लिहिता येतं आणि शिक्के मारता येतात, म्हणजे शंका जिथली तिथेच राहते, वेगळी वही लागत नाही. तर्काच्या प्रत्येक गेममध्ये ही सोय असावी असं मला वाटतं. इच.आयओवरचे ब्राउझरमध्ये चालणारे छोटे गेम्स लॅबमध्ये प्रोग्राम चालायची वाट बघताना चाखतेय. त्यातले पिको-८ वाले (मुद्दाम मर्यादा घातलेल्या काल्पनिक कन्सोलसाठी केलेले) मला सगळ्यात प्रिय, १२८ बाय १२८ चा पडदा आणि सोळा रंग, एवढ्यात लोक काय काय बसवतात! सेलेस्टचा पहिला अवतारही पिको-८ मध्येच आहे, चार दिवसांत केलेला. मोठा सेलेस्ट आवडला असेल तर तो नक्की खेळा, उडीचा स्वभाव तेव्हाच ठरलेला दिसतो. नेक्स्ट फेस्ट या स्टीमवरच्या डेमोंच्या उत्सवात या खेपेला डेमोंची झुंबड करणार नाही. थोडेच घेईन, आणि प्रत्येक डेमोत मुद्दाम मधूनच बाहेर पडून सेव्ह कुठून उघडतं ते बघेन. पानावर ते कुणीच लिहीत नाही.

शनिवारी व्हायवा संपला की आउटर वाइल्ड्सची यंत्रतपासणी. लॅपटॉपने साथ दिली तर प्रॅक्टिकल्सआधी थोडा खेळून ठेवायचा, प्रॅक्टिकल्सच्या आठवड्यात हात लावायचा नाही, आणि परत आल्यावर माझं पान न उघडता फक्त शिप लॉगवर किती भागतं ते पाहायचं. 'चँट्स ऑफ सेनार' त्याच्यानंतर. तिथे अनोळखी लिप्या उलगडायच्या आहेत, त्यामुळे पान पहिल्या बैठकीपासूनच.