मराठी घाई आणि इंग्रजी ‘हेस्टी’

‘मी घाईत आहे’ याचं इंग्रजी ‘आय ॲम हेस्टी’ असं केलं तर व्याकरणात काहीच चुकत नाही, म्हणून ही चूक लवकर लक्षातही येत नाही. पण इंग्रजी कानाला त्यातून ऐकू येतं ते हे: ‘मी उतावळा माणूस आहे, मागचापुढचा विचार न करता वागतो.’ गाडी पकडायला निघालेल्या माणसाला हे म्हणायचं नसतं. त्याने म्हणावं, ‘आय ॲम इन अ हरी’.

घोटाळ्याचं मूळ मराठीत आहे. आपली ‘घाई’ एकटीच दोन कामं करते. ‘मला घाई आहे, नंतर बोलू’ यातली घाई फक्त वेळेची अडचण सांगते, त्यात कुणाचा दोष नाही. ‘राजीनामा द्यायची घाई केलीस’ यातली घाई मात्र कान उपटते. इंग्रजीने ही कामं वाटून दिली आहेत. वेळ कमी आहे एवढंच सांगायचं असेल तर हरी. द्यायला हवा तेवढा वेळ दिला नाही, विचाराची एखादी पायरी गाळली, असं म्हणायचं असेल तर हेस्टी.

म्हणून हा शब्द वापरण्याआधी घड्याळाकडे पाहू नये, गाळलेली पायरी शोधावी. हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबायला डॉक्टर क्षणात सुरुवात करतात, त्याला कुणी हेस्टी म्हणणार नाही, कारण तिथे थांबून तपासण्यासारखं काही राहिलेलंच नसतं. तो निर्णय क्विक किंवा प्रॉम्प्ट. उलट जमिनीचा व्यवहार दोन महिने चालला, पण घेणाऱ्याने सातबारा पाहिला नाही, फेरफार पाहिले नाहीत, वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढून घेतला नाही आणि इसार देऊन बसला, तर दोन महिने लागूनही तो निर्णय हेस्टीच. ‘क्विक डिसिजन’ ही शाबासकी असू शकते, ‘हेस्टी डिसिजन’ ही बहुधा तक्रारच.

हे एकदा ध्यानात आलं की हा शब्द कुणाशी जुळतो तेही कळतं. निर्णय, निष्कर्ष, मत, लग्न, उत्तर, निघून जाणं, बोलून गेलेले शब्द, उरकलेलं जेवण यांना हेस्टी लागतो. गाडी, घोडा, धावपटू, इंटरनेट यांना लागत नाही, त्यांना फास्ट. ‘हेस्टी ट्रेन’ ऐकायला जितकं विचित्र, तितकंच ‘उतावळी लोकल’. माणसाला हेस्टी म्हटलं की तो त्याच्या स्वभावावरचा शेरा होतो. एखाद्याला आवरायचं असेल तर ‘लेट्स नॉट बी हेस्टी’ हे सभ्य आणि उपयोगी वाक्य आहे, कारण त्यात बोलणारा स्वतःलाही धरतो. ‘यू आर बीइंग हेस्टी’ थेट अंगावर येतं. वरिष्ठांशी बोलताना पहिलंच वापरावं.

सर्वात जास्त नुकसान ऑफिसच्या पत्रव्यवहारात होतं. मराठी मसुद्यात ‘तातडीने कार्यवाही करावी’ असतं आणि इंग्रजी करताना कोशातून हात हेस्टीवर पडतो. ‘प्लीज टेक हेस्टी ॲक्शन’ याचा अर्थ ‘कृपया अविचाराने पाऊल उचला’ असा होतो. तातडीने आणि त्वरित यांना प्रॉम्प्ट, इमीजिएट किंवा अर्जंट. ‘लवकर उत्तर अपेक्षित’ याला ‘अर्ली रिप्लाय’. झटपट होणाऱ्या वस्तूला इन्स्टंट किंवा क्विक. यांपैकी एकालाही हेस्टी चालत नाही. मात्र स्वतःच्या त्रोटक उत्तराबद्दल दिलगिरी व्यक्त करताना ‘सॉरी फॉर द हेस्टी रिप्लाय’ बरोबर आहे, कारण तिथे दोष आपणच कबूल करतो आहोत.

‘घाई करू नको’ या साध्या वाक्यालाही इंग्रजीत निदान तीन वाटा आहेत. पाहुणा जेवताना भराभर घास घेतोय, तर ‘देअर्स नो हरी’. मूल गणित सोडवताना पायऱ्या सोडतंय, तर ‘डोन्ट रश’. मित्र रागाच्या भरात नोकरी सोडायला निघालाय, तर ‘डोन्ट बी हेस्टी’. मराठीत वाक्य एकच राहतं, कारण बाकीचा अर्थ आपण आवाजातून पोचवतो. लिहिताना आवाज हाताशी नसतो.

नामाच्या बाबतीत एक बारीक पण हमखास होणारी चूक आहे. हरीला ‘अ’ लागतो, हेस्टला लागत नाही. ‘इन अ हरी’ बरोबर, ‘इन हेस्ट’ बरोबर, ‘इन अ हेस्ट’ चूक. दोन्ही वाक्प्रचार जवळचे असल्याने एकाचा ‘अ’ दुसऱ्याला चिकटतो. ‘कसली घाई आहे?’ याला ‘व्हॉट्स द हरी?’ म्हणावं, तिथे हेस्ट बसत नाही. हेस्टची खास जागा वेगळी आहे: ‘इन हिज हेस्ट टु लीव्ह, ही फरगॉट द कीज’. निघायच्या घाईत किल्ल्या विसरला. या रचनेत पुढे बहुतेक काहीतरी बिघडतंच, आणि वाचणारा ‘इन हिज हेस्ट’ एवढं वाचूनच त्या बिघाडाची वाट पाहू लागतो.

उच्चाराकडे वळू. स्पेलिंग नॅस्टीसारखं दिसतं म्हणून ‘हॅस्टी’ म्हणायचा मोह होतो, पण स्वर टेस्टीचा आहे: टेस्टी, हेस्टी. मूळ नाम हेस्ट. क्रियापद मात्र फसवं आहे. लिहिताना त्यात टी असतो, बोलताना तो नाहीसा होतो आणि ‘हेसन’ उरतं, जसं फास्टपासून झालेलं ‘फासन’ किंवा ‘लिसन’. ‘हेस्टन’ म्हणू नये. क्रियाविशेषण हेस्टिली, आणि तुलनेसाठी हेस्टिअर, हेस्टिएस्ट. हेस्टिलीच्या पुढे दुसरं विशेषण आलं तर मध्ये जोडरेघ द्यायची नाही. ‘हेस्टिली अरेंज्ड मीटिंग’ हे तिन्ही शब्द सुटे राहतात. इथे दोषाची धारही थोडी बोथट होते: बैठक ऐनवेळी ठरली, तयारीला सवड मिळाली नाही, एवढंच.

शेजारच्या शब्दांपैकी रॅशशी गल्लत सर्वाधिक. हेस्टी माणूस धोका आहे का ते पाहायला थांबत नाही, रॅश माणसाला धोका दिसत असतो आणि तरी तो पुढे जातो. भारतीय कायद्यातला शब्द म्हणूनच रॅश आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम २७९ सार्वजनिक रस्त्यावर रॅश किंवा निष्काळजीपणे वाहन चालवण्याबद्दल होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २८१ झालं, पण शब्द तोच राहिला. मराठी बातम्यांत त्यासाठी ‘बेदरकारपणे’ येतं आणि ते अगदी चपखल आहे, कारण दरकार म्हणजे पर्वा. हेस्टीला ‘बेदरकार’ म्हटलं तर आरोप विनाकारण जड होतो.

हरिड आणि हेस्टी यांत फरक थोडा, पण हरिडमध्ये घाई बाहेरून लादलेली असते. शिफ्ट बदलताना चार घास पोटात ढकलले तर ‘हरिड लंच’. कर्सरी म्हणजे वरवरचं, नजर फिरवल्यासारखं. तो शब्द धावणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला, पण रोख वेगावर नसून खोली नसण्यावर आहे: ‘कर्सरी ग्लान्स’. प्रेसिपिटेट म्हणजेही अविचाराने घाई केलेलं, पण हा भारदस्त, लेखी शब्द. लॅटिनमध्ये मूळ अर्थ ‘डोकं पुढे करून’, म्हणजे कड्यावरून खाली कोसळताना असतं तसं. रसायनशास्त्रात द्रावणातून तळाशी बसणारा अवक्षेप आणि हवामानशास्त्रात आकाशातून पडणारी वृष्टी ही दोन्ही नावं याच कुळातली: काहीतरी वरून खाली येतंय. बोलताना या शब्दाची गरज सहसा पडत नाही.

हेस्टीच्या अंगाला हा दोष पहिल्यापासून इतका घट्ट चिकटलेला नव्हता. शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. फ्रेंचमधलं त्याचं आजचं भावंड हंगामाआधी तयार होणाऱ्या फळभाज्यांनाही लावतात. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘हेस्टी फ्रूट’ आहे, म्हणजे उन्हाळ्याआधीच पिकलेलं फळ. या अर्थाला मराठीत किती सुंदर शब्द आहे: हळवं. कोकणातला शेतकरी हळवं भात, निमगरवं भात, गरवं भात असे भेद करतो, त्यातलं लवकर हाती येणारं ते हळवं. त्याच बायबलमध्ये रागाच्या बाबतीत हेस्टी होऊ नकोस असाही उपदेश आहे, तिथे अर्थ शीघ्रकोपी. हे दोन्ही अर्थ आता मागे पडले.

जुन्या, निर्दोष अर्थाची खूण एका पदार्थात शिल्लक आहे. हेस्टी पुडिंग म्हणजे दुधात किंवा पाण्यात पीठ ढवळत शिजवलेली लापशी. इंग्लंडमध्ये गव्हाच्या किंवा ओटच्या पिठाची, अमेरिकेत मक्याच्या पिठाची. घरात भाजी नसताना आपल्याकडे ज्या निकडीतून पिठलं होतं, त्याच निकडीतला हा प्रकार. हार्वर्डमध्ये १७९५ साली सुरू झालेल्या विद्यार्थ्यांच्या क्लबने आपलं नाव याच लापशीवरून घेतलं.

आजही दोन क्षेत्रांत हेस्टी हा दोष नाही, तर पारिभाषिक शब्द आहे. लष्करात ‘हेस्टी अटॅक’ आणि ‘डिलिबरेट अटॅक’ अशी जोडी आहे: पहिल्यात हाती आलेली संधी निसटू नये म्हणून तयारीचा वेळ जाणूनबुजून कमी केलेला, दुसऱ्यात टेहळणी आणि आखणी पूर्ण झालेली. डोंगरात हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी पथकांत ‘हेस्टी टीम’ असते. थोडं सामान घेऊन सर्वात आधी निघणारी, पायवाटा आणि सापडण्याची शक्यता जास्त असलेल्या जागा पाहणारी ही लहान तुकडी. इथे पायरी गाळलेली आहेच, पण विचारपूर्वक गाळलेली आहे. अशा मजकुराचा अनुवाद करताना ‘उतावळा हल्ला’ किंवा ‘घाईगडबडीची तुकडी’ असं लिहिलं तर सगळा अर्थ उलटा होतो. ‘तातडीचा हल्ला’ आणि ‘आघाडीचं शोधपथक’ चालेल.

‘बीट अ हेस्टी रिट्रीट’ या वाक्प्रचारातलं ‘बीट’ ढोलाचं आहे. माघारीचा इशारा पूर्वी ढोल वाजवून देत. दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीला होणाऱ्या बीटिंग रिट्रीटच्या नावातही तेच बीट आहे. मराठीत याला ‘काढता पाय घेणे’ इतकं नेमकं दुसरं काही नाही. ‘मोर हेस्ट, लेस स्पीड’ ही म्हणही चुकीची समजली जाते. घाई जास्त तर वेग कमी कसा, असा प्रश्न पडतो. इथला स्पीड जुन्या अर्थाचा आहे: यश, भरभराट. निरोप देताना म्हणतात त्या ‘गॉडस्पीड’मध्ये तो अजून दिसतो. म्हणजे घाई जास्त, यश कमी. घाटातल्या पाट्यांवरची ‘अति घाई संकटात नेई’ तिच्या अगदी जवळची.

तर्कशास्त्रातलं ‘हेस्टी जनरलायझेशन’, म्हणजे दोनचार उदाहरणांवरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढणं, समजवायला आपली ‘शितावरून भाताची परीक्षा’ फार कामाची आहे, पण उदाहरण म्हणून नव्हे, विरुद्ध टोक म्हणून. भांड्यातला तांदूळ एक, पाणी एक, आच एक. म्हणून एक शीत दाबून सगळ्या भाताचा अंदाज बांधणं रास्त आहे. एका गावातले दोन दुकानदार फसवे निघाले म्हणून सगळं गाव फसवं ठरवणं हेस्टी, कारण ती माणसं एका भांड्यात शिजलेली नसतात. गाळलेली पायरी कोणती? नमुना बाकीच्यांसारखा आहे का, हे पाहण्याची.

इंग्रजीतून मराठीत येताना एकच प्रतिशब्द धरून बसू नये. माणूस हेस्टी असेल तर उतावळा (गुडघ्याला बाशिंग बांधणाऱ्या नवऱ्याचा हा शब्द नेमका हाच स्वभाव सांगतो). निर्णय असेल तर घाईचा किंवा अविचारी. ‘हेस्टी वर्ड्स’ म्हणजे बोलून गेलेले शब्द. त्यात बोलल्यानंतरची चुटपुटही आपोआप येते. ‘तडकाफडकी’ जपून वापरावं. त्यात अचानकपणा आहे, पण विचार आधी झालेला असू शकतो, म्हणून तो अब्रप्टच्या जवळचा. लगबग तर हेस्टीच्या वाटेलाही जात नाही, तिच्यात उत्साह आणि आपुलकी आहे.

आणि लगीनघाईला कधीही ‘हेस्टी वेडिंग’ म्हणू नये. लगीनघाई चालू असते तेव्हा मुहूर्त काढलेला, हॉल ठरलेला, याद्या तयार असतात; उरलेली असते ती धावपळ, जिला ‘लास्ट मिनिट रश’ म्हणता येईल. ‘हेस्टी वेडिंग’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो की एवढ्या घाईने लग्न उरकायचं कारण काय.