नांगर पडला

यंत्र कसं वापरायचं याची वीस पानी पुस्तिका मी लिहिली होती. ती कोणी उघडत नव्हतं. अडलं की सगळे थेट मला फोन करायचे. वाक्यं छोटी केली, अक्षर मोठं केलं, लाल चौकटी टाकल्या. फोन काही थांबेनात.

‘लॅटरल थिंकिंग’ (सरळ वाट सोडून आडवाटेने विचार करणं) ही संज्ञा १९६७ साली पुढे आणणारे एडवर्ड डी बोनो एक युक्ती सांगत: प्रश्नाशी सुतराम संबंध नसलेला कुठलाही शब्द उचला आणि प्रश्नाशेजारी ठेवून बघा. मला शब्दापेक्षा चित्र बरं वाटलं. लिओनार्दो दा विंचीही चित्रकारांना डागाळलेल्या भिंतींकडे बघायला सांगायचा. त्या डागांत डोंगर दिसतात, लढाया दिसतात.

सहा बाय सहाचा तक्ता आखला. छत्तीस घरांत किल्ली, शिडी, डोळा, पूल, चाळणी, गाठ असं काहीबाही काढलं. चित्रकलेशी माझं वाकडंच आहे, पण चाललं. दोन फासे: लाल फासा ओळ सांगणार, पांढरा रकाना. (एकाच रंगाचे घेऊ नका. मी घेतले होते, आणि ओळ कुठली नि रकाना कुठला हे दान पडल्यावर सोयीने ठरवत होते.)

पहिले दोन दिवस फुकट गेले. किल्लीतून ‘यशाची किल्ली’ छापाचा सुविचार निघाला, शिडीतून ‘पायरीपायरीने समजवा’. हे मला आधीच सुचलेलं होतं. चित्र दिसताच मी उत्तराकडे पळत होते. म्हणून स्वतःला दोन नियम घातले. पाच मिनिटं प्रश्नाचं नाव काढायचं नाही, ती वस्तू काय करते तेवढंच लिहायचं. आणि दान आवडलं नाही म्हणून फासे पुन्हा टाकायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी लाल चार, पांढरा दोन. जहाजाचा नांगर. मी नाक मुरडलं, पण लिहायला बसले. जड असतो. साखळीला बांधलेला असतो. जहाजाबरोबरच फिरतो... आणि आमची पुस्तिका? ती कपाटात, यंत्र पलीकडच्या खोलीत! दोरीने यंत्रालाच अडकवून टाकावी.

एवढ्यावर उठणार होते, तेवढ्यात कागदावरच्या ‘नांगर’ या शब्दाकडे लक्ष गेलं. शेतातला नांगरही हाच की. तो खालची माती वर काढतो. ‘अडचण आल्यास’ हा भाग मी अठराव्या पानावर पुरला होता, आणि माणूस पुस्तिका शोधतो तीच मुळी अडल्यावर.

तो भाग पहिल्या पानावर आणला. माझी लाडकी प्रस्तावना शेवटी गेली. फोन बरेच कमी झाले. दोरीमुळे की नांगरटीमुळे, देव जाणे.

पुढे सुट्ट्यांच्या वेळापत्रकाच्या भांडणावरही फासे टाकले. काही निघालं नाही. निर्णय वरच्यांच्या हातात होता, तिथे फासे काय करणार?

किल्ली आणि शिडी आता तक्त्यातून खोडली आहेत. त्यांचे अर्थ आधीच ठरून येतात. किल्लीच्या घरात फणी काढली. ती दंताळ्यासारखी दिसते आहे. तशीच ठेवणार.