हे तोंड मोबाइलमधलं नाही

लहान मुलांच्या नॅपकिनवरचं पिवळं हसरं तोंड दिसलं की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "हे मोबाइलमधलं ना? मुळात काढलं कुणी?" मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यांना जकार्डची, म्हणजे मागावर विणून निघणाऱ्या नक्षीची, डिझाइनं काढून देतो, त्यामुळे प्रश्न फिरून माझ्याकडेच येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

काढलं हार्वे बॉल यांनी, १९६३ साली, अमेरिकेतल्या वुस्टर गावात. दोन विमा कंपन्या एक झाल्या होत्या, नोकरमंडळी धास्तावलेली. त्यांचा हुरूप वाढवायला साहेबांना बिल्ला हवा होता. बॉलनी आधी नुसती जिवणी काढली. पण बिल्ला उलटा धरला की रडकं तोंड! म्हणून दोन डोळे टाकले. काम दहा मिनिटांचं, मजुरी ४५ डॉलर. हक्क नोंदवून ठेवावेत हे काही त्यांनी केलं नाही. पुढे फिलाडेल्फियाच्या स्पेन बंधूंनी असेच बिल्ले कोट्यवधींनी विकले, आणि फ्रान्समध्ये फ्रँकलिन लुफ्रानी यांनी 'स्मायली'ची नोंदणी करून मोठा धंदा उभा केला. कीबोर्डवरचं आडवं हसू :-) १९८२ चं, अमेरिकी संगणकतज्ज्ञ स्कॉट फाल्मन यांचं. मोबाइलमधली तोंडं त्याच्याही नंतरची.

मला मात्र त्या मूळ चित्राचे डोळे आवडतात. एक दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा आहे. हाताचं काम!

माझा पहिला नमुना याहून वाईट होता. ग्राफवर छान गोल काढला, मागावरून उतरलं ते अंडं. इंचात ताण्याचे (उभे) तार किती आणि बाण्याचे (आडवे) किती, हा हिशेबच मी घातला नव्हता. डोळे तर टॉवेलच्या लूपमध्ये बुडालेच. दुसऱ्या खेपेला डोळे मोठे केले, त्यातला एक मुद्दाम जरा जास्त. मागावरचे मामा माग थांबवून म्हणाले, "एक डोळा चुकलाय की ओ!" मी बॉलची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "पंचेचाळीसच?"

आता नॅपकिन उलटून बघा. दोन रंगांच्या जकार्डात मागच्या बाजूला रंग पालटतात: निळ्यावरचं पिवळं तोंड तिथे पिवळ्यावरचं निळं होतं. आईबाप पिवळी बाजू वर करून घडी घालतात. पोरं उलटून निळीच बाजू वर घेतात.